केशरोपण, व्रणरोधक औषधे आणि हैदराबादचा जुना धडा

मराठवाडा आणि हैदराबाद यांचे नाते जुने आहे. १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्याचाच भाग होता, आणि आजही नांदेड, लातूर या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे मोठ्या दुखण्यासाठी हैदराबादची वाट धरतात. अकाली टक्कल पडू लागलेले तरुणही केशरोपणासाठी आता अशा मोठ्या शहरांकडे वळू लागले आहेत. लग्न जमण्याच्या वयात डोक्यावरचे केस जाणे ही चेष्टेची बाब असली, तरी ज्याचे जातात त्याला ती चेष्टा वाटत नाही. त्यासाठी प्रसंगी कर्ज काढण्याचीही तयारी होते.

अशा तरुणांच्या कानांवर अलीकडे एक नवी वार्ता येऊ लागली आहे. एक औषध टोचले असता शस्त्रक्रियेचा व्रण राहत नाही आणि काढलेल्या केसांच्या जागी पुन्हा केस उगवतात, अशी ती वार्ता होय. तिच्यात तथ्य किती आणि आशा किती, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

दाता-भागाची पुंजी

माणसाच्या डोक्यावर साधारणतः एक लाख केस असतात. ज्या सूक्ष्म खोबणीतून केस उगवतो तिला केशकूप म्हणतात. हे सर्व केशकूप बालक मातेच्या उदरात असतानाच तयार होतात. जन्मानंतर सहसा नवे निर्माण होत नाहीत. पुरुषांच्या आनुवंशिक टकलात माथ्यावरचे आणि कपाळालगतचे केस जातात. डोक्याच्या मागील व बाजूच्या भागातील केस मात्र बहुधा टिकून राहतात. हा टिकाऊ केस पुढे लावला तरी आपला मूळ गुणधर्म सोडत नाही, हे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. आजची केशरोपण शस्त्रक्रिया याच तत्त्वावर उभी आहे.

केस जेथून काढले जातात त्यास दाता-भाग म्हणतात. मिरचीची रोपे वाफ्यातून उपटून शेतात लावली की वाफा रिकामा होतो. केशरोपणाचेही तसेच आहे. केस एका जागेवरून दुसऱ्या जागी जातात, त्यांची एकूण संख्या वाढत नाही. कातडीची पट्टी काढून केस घेतल्यास मागे रेघेसारखा व्रण राहतो. एकेक केशकूप सुटा काढल्यास मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान असे असंख्य ठिपके राहतात. दाता-भाग ही अशा रीतीने मर्यादित पुंजी आहे. ती एकदाच उधळली आणि पुढे टक्कल वाढत गेले, तर दुसऱ्या वेळी काढण्यास काही उरत नाही.

व्रण का पडतो?

जखम झाली की ती लवकरात लवकर बुजवणे हे शरीराचे पहिले काम असते. त्वचेतील तंतुजनक पेशी तेथे दाट, कडक तंतूंचे विणकाम करतात. या घाईच्या दुरुस्तीत केशकूप व घामाच्या ग्रंथी पुन्हा घडत नाहीत. म्हणूनच व्रणावर केस येत नाहीत. गर्भावस्थेच्या पूर्वार्धात झालेली जखम मात्र व्रणाशिवाय भरते, असे आढळून आले आहे. तोच मार्ग प्रौढ शरीरात खुला करता येईल काय, या प्रश्नाने संशोधकांना दीर्घकाळ झपाटले आहे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये या दिशेने एक महत्त्वाचे पाऊल टाकले. जखमेच्या कडांवर पडणारा ताण तंतुजनक पेशींना व्रण घडवण्याचा इशारा देतो. हा इशारा व्हर्टेपॉर्फिन या औषधाने रोखला असता उंदरांच्या जखमा केशकूप आणि ग्रंथींसह भरून आल्या. हे औषध मुळात डोळ्यांचे आहे. उतारवयात दृष्टिपटलाच्या मध्यभागी होणाऱ्या विकारावर ते २००० सालापासून वापरात आहे.

त्यानंतर परदेशातील काही शल्यचिकित्सकांनी मोजक्या व्यक्तींच्या दाता-भागात ते टोचून पाहिले आणि काही ठिकाणी केस पुन्हा आल्याचे सांगितले. ही निरीक्षणे उत्साहवर्धक असली तरी संख्येने अल्प आहेत. केशकूप काढताना तो अर्धवट तुटला, तर उरलेल्या भागातून केस आपोआपच पुन्हा उगवू शकतो. म्हणून डोक्याच्या एका बाजूस औषध देऊन, दुसरी बाजू तशीच ठेवून आणि खुणा केलेल्या जागेतील केस मोजूनच निष्कर्ष काढावा लागतो. व्रण टाळण्यासाठी अथवा केस उगवण्यासाठी या औषधास अद्याप मान्यता मिळालेली नाही. शिवाय, नेत्रोपचारात ते शिरेतून दिल्यावर रुग्णास पाच दिवस उन्हापासून जपावे लागते, ही गोष्टही दुर्लक्षिण्यासारखी नाही.

हैदराबादचा धडा

प्राण्यांवरील यशावरून माणसांविषयी घाईने निष्कर्ष काढला की काय होते, याचे बोलके उदाहरण हैदराबादच्याच इतिहासात आहे. शस्त्रक्रियेसाठी दिल्या जाणाऱ्या क्लोरोफॉर्ममुळे काही रुग्ण का दगावतात, हा गेल्या शतकाआधीचा ज्वलंत प्रश्न होता. तेथील शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या आश्रयाने १८८८ व १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. क्लोरोफॉर्मचा हृदयास थेट धोका नाही, केवळ श्वासावर लक्ष ठेवावे, असा निर्वाळा देण्यात आला. श्वासावर लक्ष ठेवण्याचा सल्ला योग्यच होता; परंतु हृदयाविषयीचा निर्वाळा टिकला नाही. हलक्या गुंगीत क्लोरोफॉर्म हृदयाची गती घातक रीतीने बिघडवू शकते, हे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी सिद्ध केले.

व्रणरोधक औषधांच्या बाबतीतही असा अनुभव आला आहे. इंग्लंडमधील अ‍ॅव्होटर्मिन या औषधाने माणसांवरील सुरुवातीच्या चाचण्यांत मोठी आशा निर्माण केली; २०११ मध्ये अखेरच्या मोठ्या चाचणीत ते अपयशी ठरले. उंदराची कातडी सैल असते, माणसाच्या टाळूची ताणलेली असते. हा फरक येथेही ध्यानात ठेवावयास हवा.

कायद्याचे संरक्षण

नव्या औषधाची माणसांवर चाचणी घेण्यास आपल्या देशात मनाई नाही. त्यासाठी रीत मात्र ठरलेली आहे. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार नैतिकता समितीची मान्यता, सहभागी व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती आणि राष्ट्रीय नोंदवहीत चाचणीची नोंद आवश्यक आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. कोणी पैसे घेऊन नोंदीविना असे औषध टोचत असेल, तर रुग्ण या संरक्षणास मुकतो.

केशरोपणाविषयी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरनेच करावी. केवळ चित्रफिती पाहून मिळवलेले ज्ञान पुरेसे नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. शस्त्रक्रियेत भूल दिली जाते, तीत जिवास धोका संभवतो आणि देशात तिच्यापायी मृत्यूही घडले आहेत.

तेव्हा शस्त्रक्रियेस जाणाऱ्याने काही प्रश्न आधी विचारावेत. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक व पात्रता काय? छेद कोण घेणार, डॉक्टर की सहायक? किती केशकूप काढणार आणि दाता-भागात किती उरणार? अत्यवस्थ प्रसंगी सोय कोणती? नवे औषध देणार असल्यास ते मान्यताप्राप्त आहे की चाचणीचा भाग? पूर्वीच्या जखमांवर जाड, वाढते व्रण उठत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे. आपल्याकडील सावळ्या त्वचेत ही प्रवृत्ती अधिक आढळते.

दाता-भागातील केस खरोखर पुन्हा उगवू लागले, तर केशरोपणाचे स्वरूपच पालटेल, आणि भाजलेल्या रुग्णांनाही त्या ज्ञानाचा लाभ होऊ शकेल. तो दिवस येईपर्यंत काढलेला केस परत येणार नाही असे धरूनच निर्णय घ्यावा. शिक्षकांनी आणि ग्रामीण आरोग्य कर्मचाऱ्यांनी ही माहिती तरुणांपर्यंत पोहोचवल्यास अनेकांचा पैसा वाचेल, आणि प्रसंगी जीवही.