कलिंबा : बालगीतांच्या चालींतून होणारी स्वरओळख

लाकडी पेटीवर बसविलेली धातूची पाती दोन्ही अंगठ्यांनी छेडून वाजविले जाणारे कलिंबा हे वाद्य संगीताचे पूर्वशिक्षण नसलेल्यांनाही लवकर आत्मसात करता येते. बालगीतांच्या व लोकगीतांच्या मोजक्या स्वरांत फिरणाऱ्या चाली त्यासाठी विशेष उपयुक्त ठरतात.

या वाद्याचे मूळ आफ्रिकेत आहे. झिम्बाब्वेतील शोना समाजात ‘म्बिरा’ पूर्वजांच्या स्मरणविधींत वाजविला जातो. वसाहतकाळात ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी त्याला विरोध केला, तरीही ही परंपरा टिकून राहिली. संगीत-अभ्यासक ह्यू ट्रेसी यांनी 1950च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत पाश्चात्त्य स्वरसप्तकात जुळविलेला कलिंबा तयार करून जगभर पोहोचविला. मलावी व झिम्बाब्वेतील म्बिरा घडविण्याच्या व वाजविण्याच्या कलेचा युनेस्कोने 2020 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

सध्या प्रचलित असलेल्या कलिंबाला 17 पाती असतात. सर्वांत लांब पाते मधोमध असून त्यातून सर्वांत खालचा स्वर निघतो. हा स्वर म्हणजे पांढरी एकचा षड्ज. पुढचे स्वर आळीपाळीने दोन्ही बाजूंना येतात : रिषभ डावीकडे, गंधार उजवीकडे, मध्यम डावीकडे, पंचम उजवीकडे. सप्तकात सात स्वर असल्याने वरच्या सप्तकात बाजू उलटतात. तेथे षड्ज डावीकडे, तर रिषभ उजवीकडे येतो. नवशिक्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. त्यामुळे प्रारंभी षड्ज ते पंचम एवढ्या पाचच स्वरांतील चाली निवडणे हिताचे ठरते.

कलिंबाच्या स्वरलेखनात 1 ते 7 आकडे वापरतात. एक म्हणजे सा, पाच म्हणजे प. वरच्या सप्तकासाठी आकड्यावर टिंब देतात. भारतीय स्वरलिपीतही तार सप्तकाची खूण तीच असल्याने सरगम जाणणाऱ्यांना हे लेखन परके वाटत नाही. चाल आधी गुणगुणावी, नंतर तिचे स्वर शोधावेत आणि शेवटी हाताने ठेका धरून संथ लयीत वाजवावी, हा क्रम सोयीचा असतो. मध्यावरील पाते व त्याच्या उजवीकडील सलग दोन पाती अंगठा सरकवून एकापाठोपाठ छेडली, की सा-ग-प ही स्वरसंगती मिळते आणि साध्या चालीलाही भरीवपणा येतो.

या वाद्याला मर्यादाही आहेत. त्याची मूळ जुळणी बिलावल थाटाची असल्याने कोमल स्वर मिळत नाहीत, तसेच मींड घेता येत नाही. मात्र पाते लहान हातोडीने ठोकून पुढे-मागे सरकविता येते. कंप पावणारा भाग लांबला, की स्वर उतरतो. निषादाची दोन्ही पाती अर्ध्या स्वराने उतरविल्यास खमाज थाट मिळतो आणि त्या थाटातील लोकधुनी वाजविता येतात.

म्बिराच्या पारंपरिक जुळण्या मात्र पाश्चात्त्य सप्तकाशी तंतोतंत जुळत नाहीत आणि त्या गावागणिक, वादकागणिक बदलतात. त्यामुळे कलिंबावर बालगीत वाजविता आले, म्हणजे म्बिरा अवगत झाला असे होत नाही. कलिंबा ही त्या प्राचीन परंपरेची एक सोपी, आधुनिक शाखा आहे. मुलांना चालीबरोबर हा इतिहासही सांगितला, तर वाद्याची ओळख पूर्ण होते.