‘ययाति’ की ‘ययाती’? ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरची शोधपेटी

गोराई खाडीपलीकडच्या गावातल्या वाचकाला दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जायचे, तर आधी लाँच, मग बोरिवली स्टेशनपर्यंत बस किंवा रिक्षा, मग लोकल. एवढा पल्ला मारून ‘पुस्तक बाहेर गेलंय’ हे ऐकण्यात अर्धा दिवस जातो. सार्वजनिक ग्रंथालयाच्या संकेतस्थळाने पहिल्यांदा हा अर्धा दिवस वाचवावा, असे माझे मत आहे. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवणे हे त्यांतले चौथे.

प्रत्यक्षात अनेक संकेतस्थळे संस्थेच्या कार्यालयासारखी मांडलेली दिसतात: अध्यक्षांचे मनोगत, कार्यकारिणी, समारंभांची छायाचित्रे. वाचकाचे प्रश्न वेगळे असतात. पुस्तक आहे का? आज उघडे आहे का? वर्गणी किती? शिवाय ‘ओपॅक’ असे लिहिलेल्या बटणामागे पुस्तकांची यादी आहे, हे त्याला कळणार कसे? तिथे सरळ ‘पुस्तक शोधा’ लिहावे. नावे ठरवायला साधी रीत आहे. संकेतस्थळावरच्या गोष्टी कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून वाचकांपुढे ठेवायच्या आणि त्यांना त्यांच्या मनाप्रमाणे गठ्ठे करून गठ्ठ्यांना नावे द्यायला सांगायचे. समितीच्या बैठकीत न सुचणारे शब्द तिथे सापडतात.

पण खरी अडचण मेनूत नाही, शोधपेटीत आहे. आणि ती खास मराठी आहे. खांडेकरांची कादंबरी ‘ययाति’. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांवर वाढलेला वाचक ‘ययाती’ असे टाइप करतो. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ तर निम्मे लोक ‘स्मृतीचित्रे’ लिहितात, मीही पूर्वी लिहीत असे. संगणकाच्या लेखी हे दोन निराळे शब्द. म्हणून कपाटात पुस्तक असूनही पडद्यावर ‘नोंद आढळली नाही’. जुन्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार, कुठे ‘अनन्त’ तर कुठे ‘अनंत’. टिळकांच्या १९१५ च्या ग्रंथाचे नाव ‘श्रीमद्भगवद्गीतारहस्य’ असे एका शब्दात नोंदवलेले असले आणि यंत्र फक्त पूर्ण शब्द जुळवत असले, तर ‘गीतारहस्य’ शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘ॲ’ हे अक्षर तर दोन प्रकारे टाइप होते. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो.

उपाय फार खर्चाचा नाही. दाखवताना नाव मुखपृष्ठावर आहे तसेच दाखवावे, पण पडद्यामागे प्रत्येक नोंदीची एक सोपी प्रत ठेवावी: सगळ्या वेलांट्या-उकार ऱ्हस्व, अनुस्वार एका पद्धतीचे, टिंबे आणि मोकळ्या जागा काढलेल्या. वाचकाने टाइप केलेल्या शब्दावरही हाच संस्कार करून मग जुळवावे. म्हणजे ‘पु. ल.’, ‘पु.ल.’ आणि ‘पुल’ एकाच दारातून आत येतात. यात ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतील, हे खरे. चार नोंदी जास्त दिसल्या तर वाचक त्या ओलांडतो. रिकाम्या पानावरून मात्र तो परत फिरतो.

टोपणनावांचे काम यंत्राचे नाही, ग्रंथपालाचे. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची, ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचे, ‘नक्षत्रांचे देणे’ आरती प्रभूंचे, ‘कोंडुरा’ चिं. त्र्यं. खानोलकरांची. दोन्ही नावे एका व्यक्तीशी जोडणारी यादी हाताने करावी लागते, पण ती एकदाच.

आणखी एक जुने दुखणे: युनिकोडपूर्व फाँटमध्ये भरलेल्या नोंदी नव्या संकेतस्थळावर रोमन अक्षरांचा चिवडा होऊन येतात. त्यांचे रूपांतर, मग माणसाकडून तपासणी, यावर पैसा आधी खर्च व्हावा. हलत्या चित्रांची पट्टी नंतर बघू. ‘कोहा’ ही २००० साली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात सुरू झालेली प्रणाली मोफत मिळते, एनआयसीची ‘ई-ग्रंथालय’ही आहे, म्हणजे प्रणालीचे पैसे वाचतात, नोंदी सुधारण्याचे कष्ट वाचत नाहीत.

कंत्राटदाराचे शेवटचे बिल देण्याआधी पाच वाचकांना बोलवावे, त्यांत एखाद्या आजीही असाव्यात. त्यांच्याच मोबाइलवर ‘ययाति’ आज जागेवर आहे का ते शोधायला सांगावे, आणि शेजारी बसून अजिबात मदत करू नये.