उभी राहून थकलेली बुलेट

लांबच्या प्रवासासाठी जुनी मोटारसायकल घेणाऱ्याची नजर बहुधा आधी किलोमीटरच्या आकड्यावर जाते. वस्तुतः भरपूर पळालेल्या गाडीचे भाग झिजतात, तर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे भाग गंजतात, चिकटतात आणि वाळून तडकतात, आणि हे दुसरे दुखणे कोणत्याही आकड्यात दिसत नाही. ओतीव लोखंडाचा सिलिंडर असलेली, इंजिन व गिअरबॉक्स वेगवेगळे असणारी 346 घनसेंटिमीटरची जुनी बुलेट 350 हे याचे उत्तम उदाहरण होय.

खरेदीत इंजिनाआधी कागदपत्रे तपासावी लागतात. खासगी वाहनाची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि त्यानंतर आरटीओत गाडी प्रत्यक्ष दाखवून, पर्यावरण कर भरून ती 5 वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. नाव बदलण्यासाठी नमुना 29 व 30 यांवर मूळ मालकाची सही लागते. मालक हयात नसेल तर वारसांच्या संमतीचा व्याप वाढतो. चॅसी नंबर, म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला ओळख क्रमांक, आरसी बुकाशी अक्षरशः जुळत नसेल तर गाडी फुकट मिळाली तरी महागच पडते.

अशी गाडी ताब्यात येताच किक मारण्याचा मोह होतो आणि नुकसान तेथेच होते. पिस्टनभोवतीच्या रिंगा ओलाव्याने सिलिंडरला चिकटलेल्या असल्यास जोराच्या किकेने त्या तुटतात. म्हणून प्लग काढून त्या छिद्रातून थोडे ऑइल सोडावे, ते एक रात्र मुरू द्यावे आणि मग किक हाताने हळूहळू दाबून पाहावी.

सर्वाधिक चिकाटी मात्र कार्बोरेटर मागतो. हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या या भागात साचलेले पेट्रोल उडून गेले की मागे डिंकासारखा थर उरतो आणि तो पायलट जेट, म्हणजे इंजिन मंद गतीवर चालू ठेवणारे पितळेचे अतिसूक्ष्म छिद्र, बुजवून टाकतो. चोक ओढल्यावर सुरू होणारी गाडी चोक सोडताच बंद पडत असेल, तर संशयाची सुई प्रथम येथे वळवावी. जेटमध्ये तार घालून साफसफाई करण्याची गॅरेजांतली सवय घातकच म्हटली पाहिजे, कारण मऊ पितळेचे छिद्र त्याने रुंदावते आणि पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते. कार्बोरेटर क्लीनर व दाबाची हवा एवढे पुरते. टाकीत गंज असेल तर ती आधी स्वच्छ करावी, अन्यथा साफ केलेला जेट पुन्हा तुंबतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नसल्याने नळ्या व वॉशर त्याच वेळी बदलणे श्रेयस्कर.

बॅटरी बहुधा बदलावीच लागते आणि उंदरांनी कुरतडलेले वायरिंग शोधण्यात इंजिनापेक्षा अधिक दिवस जातात. टायरच्या बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. 2314 असे असेल तर तो टायर 2014 च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, आणि नक्षी कितीही ठसठशीत दिसली तरी असे कडक झालेले रबर ओल्या घाटात दगा देते. ब्रेकचे लायनरही याच नियमाने बदलावेत.

गाडी सुरू झाली म्हणून थेट लडाखची वाट धरू नये. आधी घराजवळ 50-60 किलोमीटरच्या फेऱ्या माराव्यात, प्रत्येक फेरीनंतर सैल नट आवळावेत, आणि सुरुवातीला बदललेले इंजिन ऑइल पहिल्या 500 किलोमीटरनंतर पुन्हा बदलावे.