बोटभर उंचीचें सैन्य

दसऱ्याचें सोनें वाटून झालें कीं घरोघरच्या मुलांना दिवाळीच्या किल्ल्याचे वेध लागतात. कोणी विटांचे तुकडे गोळा करतो, कोणी जुनें तरट चिखलांत भिजवितो, कोणी तटाखालीं अळीव पेरून अंकुर आले कीं नाहीं तें रोज सकाळीं पाहतो. नागपुरांतील आमच्या नंदनवन वस्तींत आतां अंगणें आंखूड झालीं आहेत, तरी ही हौस सर्वस्वीं गेलेली नाहीं. परंतु किल्ल्यावर जें सैन्य उभें राहतें तें बहुधा बाजारांतून तयारच येतें. सगळे मावळे एका सांच्याचे, एकाच भडक रंगाचे, आणि डोळ्यांच्या जागीं दोन काळे ठिपके! किल्ला मुलांचा आणि सैन्य दुकानदाराचें, असा हा प्रकार आहे. हें सैन्यहि मुलांनीं, किंबहुना घरांतील थोरांनींहि, स्वहस्तें रंगवावें असें आम्हांस वाटतें. आणि त्याचीं कारणें आज वाचकांपुढें ठेवावयाचीं आहेत.

छोटे पुतळे रंगवून त्यांची लढाई खेळण्याचा छंद पाश्चात्य देशांत बराच जुना आहे. हत्ती, घोडे, रथ व पायदळ हीं सेनेचीं चार अंगें पटावर मांडणारा चतुरंगाचा खेळ आपलाच. पण पुढील वाढ तिकडे झाली. १८२४ सालीं राइसवित्स नांवाच्या अधिकाऱ्यानें नकाशावर ठोकळे सरकवून युद्धाचें शिक्षण देणारा खेळ प्रशियाच्या सैन्यांत रूढ केला. १८९३ सालीं इंग्लंडांतील विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यांतून शिशाचे पोकळ शिपाई निघूं लागले व सामान्य घरांतील मुलांच्याहि हातीं पलटणी आल्या. १९१३ सालीं एच. जी. वेल्स ह्या प्रसिद्ध कादंबरीकारानें ‘लिटल वॉर्स’ हें पुस्तक लिहून अशा लढायांचे नियम घालून दिले. पुढें १९७५ सालीं निघालेल्या गेम्स वर्कशॉप ह्या इंग्रजी कंपनीनें १९८३ सालीं ‘वॉरहॅमर’ हा खेळ काढला. त्यांतील माणसाएवढ्या योद्ध्यांचे पुतळे सुमारें २८ मिलिमीटर मापाचे, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढे असतात. ते बिनरंगी मिळतात. खेळणारानें ते आपणच जोडावयाचे व रंगवावयाचे. पुष्कळांना तर खेळापेक्षां रंगविण्याचाच नाद अधिक लागतो.

हें परकें खूळ आपल्याकडे कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु खेळाची वस्तु हातानें रंगविण्याची कला आपल्याला परकी नाहीं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेंत दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा, अशीं १२० वाटोळीं पानें असतात, आणि प्रत्येक पान कारागिराच्या कुंचल्याखालून जातें. आमच्या नागपुरांत तर महाल भागांत चितारओळी नांवाची वस्तीच आहे; गणेशचतुर्थीच्या आधीं तेथून जाणाराचे पाय मूर्तीचे डोळे काढणाऱ्या हातापाशीं थबकल्यावांचून राहत नाहींत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, तान्ह्या पोळ्याला, येथील मुलें रंगविलेले लाकडी बैल ओढीत घरोघर जातात. ज्या गांवांत बैल रंगतो, त्या गांवांत मावळा रंगण्यास हरकत ती कोणती?

रीति फारशी अवघड नाहीं. पुतळा सांच्यांतून निघतांना सांध्यावर एक बारीक रेघ राहते, ती प्रथम पात्यानें हलकेंच खरवडावी. प्लास्टिकचा पुतळा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यानें धुवावा, कारण सांच्याचा तेलकटपणा राहिल्यास रंग धरत नाहीं. मग अस्तराचा एक पातळ हात द्यावा; मातीचा पुतळा रंग शोषून घेतो, म्हणून त्याला तर अस्तर अवश्यच. तें वाळल्यावर अंगरखा, कातडी, ढाल यांचे मुख्य रंग पाण्यानें पातळ करून लावावे. एका जाड हातापेक्षां दोन पातळ हात केव्हांहि बरे. जाड रंगाखालीं नाकडोळे बुजून जातात.

इतकें झालें तरी पुतळा सपाटच दिसतो. मोठ्या माणसाच्या वस्त्रावर ऊन पडलें म्हणजे घड्यांत सावली दिसते. पण बोटभर पुतळ्याची घडी इतकी उथळ असते कीं तिची सावली नजरेंत भरत नाहीं. म्हणून ऊन आणि सावली हीं दोन्ही रंगानेंच काढावीं लागतात. पाण्यासारखा पातळ, गडद रंग अंगभर सोडला म्हणजे तो आपोआप खळग्यांत उतरतो. ती झाली सावली. नंतर फिकट रंगांत कुंचला बुडवून तो फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा व उंचवट्यांवरून हलकेंच फिरवावा. उरलेला रंग फक्त कडांना लागतो. तें झालें ऊन. हें एकदां हातीं बसलें म्हणजे मुलगा रस्त्यानें जातांनाहि प्रकाश कोठून पडतो आहे तें न्याहाळूं लागतो.

ऋतूचाहि विचार करावा लागतो. मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे ॲक्रिलिक रंग कुंचल्यावरच वाळून जातो. अशा वेळीं बशींत ओला स्पंज ठेवून त्यावर बटर पेपर पसरावा व त्यावर रंग काढावा, म्हणजे तो बराच वेळ ओला राहतो. पावसाळ्यांत दमट हवेमध्यें फवाऱ्यानें अस्तर दिल्यास त्यावर पांढुरकी खर धरते. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ सर्वांत उत्तम. फवारा गच्चीवरच वापरावा. कुंचल्याचें टोंक ओठांनीं जुळविण्याची खोड मुलांना लागूं देऊं नये. आणि वडिलोपार्जित शिशाचे शिपाई घरांत असतील तर त्यांचा जुना रंग मुलांकडून खरवडवूं नये, कारण शिसें विषारी आहे.

आतां आमच्याच घरांतील एक हकीकत सांगतों. आमचा पुतण्या दहावीच्या वर्गांत असतांना त्याला हा नाद लागला. संध्याकाळीं दिवा लावून तो टेबलाशीं बसला कीं जेवणाच्या हांकाहि त्याला ऐकूं येत नसत. आमच्या वडिलांना हें मुळींच रुचेना. “अरे, ही वेळ अभ्यासाची कीं भातुकलीची?” असें ते विचारीत, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंहि मत त्यांच्याहून फार निराळें नव्हतें. रंगांना पैसे पडत होते, आणि परीक्षा तर तोंडावर आली होती. सगळें सामान मार्चपर्यंत माळ्यावर टाकावें असें जवळजवळ ठरलेंच होतें.

त्या दिवाळीला त्यानें वीस मावळे रंगविले. पुढच्या रांगेंतले पांच-सहा फार सुरेख उतरले होते. मागचे मात्र घाईनें उरकलेले. आमची धाकटी मुलगी किल्ल्यापाशीं बसली होती. तिनें मागच्या रांगेंतला एक शिपाई उचलला आणि विचारलें, “दादा, ह्याला डोळे कां रे नाहींत?” तो म्हणाला, “मागचा आहे तो. कोणाला दिसणार?” ती म्हणाली, “पण मग त्याला कसें दिसणार?”

मुलगा कांहीं बोलला नाहीं. पाडव्याच्या रात्रीं त्यानें मागची सगळी रांग किल्ल्यावरून उचलून आंत आणली. वडील आपल्या खुर्चीवरून पाहत होते. थोड्या वेळानें ते उठून टेबलाशीं आले आणि म्हणाले, “डोळे काढतोस तें ठीक आहे, पण हे सगळे लाल मखमलींत कसे रे? मावळांतल्या शेतकऱ्यांचीं पोरें तीं. त्यांना कोणी एकसारखा गणवेष शिवून दिला नव्हता. जाडेंभरडें पांढुरकें कापड, खांद्यावर काळी घोंगडी, असें कर.” त्या रात्रीं आजोबा आणि नातू पुस्तकें काढून बसले. माळ्यावर सामान टाकण्याचा विषय पुन्हां निघाला नाहीं. मात्र रोज रात्रीं जेवणानंतर एक तास, त्याहून अधिक नाहीं, असा नियम वडिलांनींच घालून दिला आणि तो मुलानें पाळला.

ह्या छंदावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, व तो टाळून जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. लढाईचा खेळ खेळून मुलांचीं मनें निष्ठुर होणार नाहींत काय? वेल्सनें आपल्या पुस्तकाच्या शेवटीं असें प्रतिपादिलें होतें कीं खऱ्या युद्धापेक्षां हें टेबलावरचें युद्ध कितीतरी बरें. त्याच्या पुढच्याच वर्षीं, १९१४ सालीं, महायुद्ध सुरू झालें. तेव्हां खेळानें युद्धें थांबतात असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु सैन्य म्हणजे केवळ एक आंकडा, अशी जी संवय वर्तमानपत्रें वाचतांना आपणां सर्वांना लागते, ती वीस चेहरे एकामागून एक काढणाराला तितकीशी लागत नाहीं, एवढें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. विसाव्या शिपायालाहि डोळे हवेत हें ज्याला एकदां पटलें, त्यानें युद्धाविषयीं थोडेंफार शिक्षण घेतलें असेंच म्हटलें पाहिजे.

२०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. शिवनेरी, राजगड, रायगड हे त्यांतलेच. हे किल्ले ज्यांनीं बांधविले त्यांचीं नांवें आपल्या मुलांना पाठ आहेत, व तीं असावींतच. परंतु पावसाळ्याच्या रात्रीं तटावर ज्यांनीं पहारे केले त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोणीं लिहून ठेवलीं नाहींत. त्यांचें स्मरण करावयाचें तर एवढासा मावळा मन लावून रंगविणें ही कांहीं वाईट रीति नव्हे.

म्हणून आमची सूचना इतकीच कीं येत्या दिवाळीला कुंभाराकडून बिनरंगी मावळे मागून आणावे. डझनभर पुष्कळ झाले. दोन बारीक कुंचले, एक जाड कुंचला, पांच-सहा रंग एवढें सामान पुरतें. घरांतील आजोबांना व काकूंनाहि टेबलाशीं बसवावें. वस्त्रांच्या रंगांविषयीं त्यांना मुलांपेक्षां अधिक माहिती असते. आणि आरंभ मागच्या रांगेपासून करावा. पुढच्या रांगेचा उत्साह कोणालाहि असतोच.