नाममुद्रा आणि कर्तृत्व (मराठी संतकाव्य)

अभंगाच्या अखेरच्या चरणात येणाऱ्या कवीच्या नावास नाममुद्रा म्हणतात. रचनेचा कर्ता कोण आणि तिचा अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा साहित्यसिद्धान्तातील प्रश्न मराठीत या मुद्रेच्या निमित्ताने ठळकपणे उभा राहतो.

नामदेवांच्या नावावरील रचना

संत नामदेव (१२७०–१३५०) यांचे जन्मस्थान परंपरेने हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे मानले जाते. त्यांचे अभंग दीर्घकाळ कीर्तनांतून आणि हस्तलिखित बाडांतून प्रसृत झाले. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांनीही 'नामा' ही मुद्रा वापरल्याने दोघांच्या रचना गाथांमध्ये मिसळल्या. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांच्या नावाची ६१ पदे आहेत. त्यांची भाषा हिंदी वळणाची आहे.

अभ्यासकाची दृष्टी

भाषेची रूपे, हस्तलिखितांचे वय आणि अंतर्गत उल्लेख यांवरून अभ्यासक कर्तृत्व तपासतात. नामदेवांनंतर होऊन गेलेल्या व्यक्तीचा उल्लेख ज्या अभंगात आहे, तो त्यांचा मानता येत नाही. ही तपासणी न केल्यास विष्णुदास नामा यांचे कार्य झाकले जाते आणि नामदेवकालीन मराठीविषयी चुकीचे निष्कर्ष निघतात.

श्रोत्याची दृष्टी

कीर्तनकार अभंग निरूपणासाठी घेतो, दृष्टान्त देतो आणि श्रोत्यांसमोर त्याचा अर्थ उलगडतो. तेथे 'नामा' हे नाव परंपरेची ग्वाही ठरते. काव्यास्वादासाठी सहृदय रसिक आवश्यक असतो, हे अभिनवगुप्तांनी प्रतिपादिले होते. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये 'लेखकाचा मृत्यू' या निबंधात अर्थाचे केंद्र वाचकाकडे नेले. मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये लेखकाचे नाव हे रचनांचे वर्गीकरण करणारे साधन असल्याचे दाखविले. नाममुद्रेच्या बाबतीत फूको यांचे विवेचन अधिक लागू पडते. कारण येथे कर्त्याचे नाव प्रत्येक गायनात पुन्हा उच्चारले जाते.

अर्थ आणि पाठ

संत एकनाथांनी शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि तीत कोणी स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले. ज्ञानेश्वरी ही स्वतः भगवद्गीतेवरील टीका आहे. म्हणजे जुन्या ग्रंथाचा नवा अर्थ लावण्यास परंपरेची आडकाठी नव्हती. मूळ पाठात भर घालण्यास मात्र होती. वाचकाच्या स्वातंत्र्याची मर्यादा या भेदातून स्पष्ट होते.