फादर स्टीफन्स आणि भाषेची मालकी

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव येते ते कौतुकापुरते. परदेशी पाद्र्याने मराठीची थोरवी गायली एवढे सांगून विद्यार्थ्याला पुढच्या प्रश्नाकडे नेले जाते. आमच्या अर्जुनी मोरगावकडे मुले घरी झाडीबोली किंवा गोंडी बोलतात आणि पुस्तकात निराळीच मराठी वाचतात. अशा मुलांना शिकवताना मला हा माणूस निराळा दिसू लागला.

स्टीफन्स १५४९ साली इंग्लंडात जन्मले. १५७५ साली रोमला जेझुइट संघात दाखल झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरले. पुढची चाळीस वर्षे, १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, ते तिकडेच, बहुतेक साष्टीत राहिले. ही साष्टी शांत नव्हती. १५६७ साली तेथील देवळे पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्याच वर्षी स्टीफन्स यांनी भावाला पत्र लिहिले. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे त्यात नोंदवले आहे. विल्यम जोन्सने हा विचार कलकत्त्यात मांडला तो १७८६ साली!

‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ छापला मात्र रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे नव्हते. तो का लिहिला, याचे उत्तर ग्रंथातच आहे. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्र्याला म्हणतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण द्या. म्हणजे आधी हिरावून घेणे आणि मग पर्याय देणे. स्टीफन्स यांच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे, पण ती कोणत्या सत्तेच्या सावलीत वाढली हे झाकून ठेवण्याचे कारण नाही.

आता खरा मुद्दा. शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून सोपे शब्द मिसळले, असे ते प्रस्तावनेत सांगतात. ही दृष्टी मोलाचीच. पण ते सोपे शब्द कोणाचे? ब्राह्मणांच्या भाषेतले. मुलांसाठी त्यांनी रचलेली प्रश्नोत्तररूप कोकणी ‘दौत्रीना क्रिस्तां’ १६२२ साली रायतूरला छापली गेली. तिच्या शीर्षकातच भाषेचे नाव ‘ब्राह्मण कानारी’ असे आहे. कुणबी, गावडे, महार हेही तीच बोली आपल्या वळणाने बोलत होते. त्यांची बोली शीर्षकात आली नाही. धर्म बदलला तरी गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, सुदीर हे भेद टिकले. त्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. व्यवस्था मोडण्याऐवजी तिच्या वरच्या थराला हाताशी धरून काम झाले होते.

त्यांचे कोकणी व्याकरण मृत्यूनंतर, १६४० साली रायतूरलाच छापले गेले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते. भाषेला नियम आहेत, ती शिकता येते, हे त्याने दाखवले. ज्यांच्या बोलीला आजही ‘अशुद्ध’ म्हणून शाळेत हसतात, त्यांनी हे व्याकरण मुद्दाम पाहावे. आणि त्यानंतर अवघ्या ४४ वर्षांनी, १६८४ साली, पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला: तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे.