ट्यूब गेली, पारा उरला

ट्यूब गेली की ती फोडून कचऱ्यात टाकायची, ही आपली जुनी सवय. साधा बल्ब फुटला तर फक्त काच सांभाळायची. ट्यूब आणि सीएफएल यांचे तसे नाही, कारण त्यांत पाऱ्याची वाफ असते. वीज वाहू लागली की पाऱ्याचे अणू अतिनील किरण सोडतात. काचेच्या आतला पांढरा लेप ते शोषून आपल्याला दिसणारा प्रकाश देतो.

एका सीएफएलमध्ये पारा साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम. ‘एवढ्याने काय होणार?’ असे विद्यार्थी विचारतील. पण पारा मूलद्रव्य आहे, तो कुजत नाही. पाण्यातले जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांच्या शरीरात साठतो. शिवाय कचऱ्यात फुटलेल्या नळ्यांची वाफ सर्वांत आधी कचरावेचकाच्या श्वासात जाते.

वर्गात ट्यूब फुटलीच तर खिडक्या उघडून मुलांना १०-१५ मिनिटे बाहेर न्यावे. झाडू मारू नये. तुकडे जाड पुठ्ठ्याने उचलावेत, चुरा चिकटपट्टीने टिपावा आणि सारे झाकणाच्या बरणीत बंद करावे. २०१६ च्या नियमांपासून हे दिवे ई-कचऱ्यात मोडतात. म्हणून गेलेल्या ट्यूब न फोडता खोक्यात जपाव्यात आणि अधिकृत संकलन केंद्राला द्याव्यात. असे एक खोके आपल्या शाळेत ठेवता येणार नाही का?